गोटीची पिशवी, सायकलची ट्यूब आणि आमचा चुळबुळ्या

मुलगा तिसरीत गेला आणि पहिल्याच युनिट टेस्टनंतर शाळेच्या डायरीत एका महिन्यात चौथी नोट आली, की वर्गात सतत चुळबुळ करतो, लक्ष देत नाही, शेजारच्याला पण लिहू देत नाही. चौथी म्हणजे मी मोजत होते म्हणून माहितीये. त्या संध्याकाळी त्याचं दप्तर उपसलं तर कंपासमध्ये खोडरबराचे मोहरीएवढे तुकडे, स्केलची कड दातांनी कुरतडलेली, पेन्सिलीची सालपटं, आणि शर्टाची कॉलर नेहमीसारखी चावून चावून ओली झालेली. मी आधी ओरडले, मग तो रडला, मग मी रडले. तो म्हणाला, "आई मी मुद्दाम नाही गं करत, माझे हातच करतात." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही नंतर.

म्हणून हे सगळं लिहितेय, कारण त्यानंतरचे सहा सात महिने त्याच्या चुळबुळीवर आम्ही घरात जे जे करून बघितलं त्यातलं निम्मं फसलं, निम्मं चाललं, आणि कुणाच्या तरी घरी असंच पिल्लू असेल तर निदान फसलेलं तरी परत करायला नको.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो ते बरं केलं. त्यांनी सांगितलं की एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असा शिक्का एका डायरीवरून मारत नाहीत, घरी आणि शाळेत अशा दोन्हीकडे, आणि कमीत कमी ६ महिने लक्षणं दिसावी लागतात, तोवर बघू, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्या मॅडमनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आठ दिवस त्याला एकदाही 'नीट बस' म्हणायचं नाही, फक्त वही घेऊन लिहायचं, काय करत असताना शरीराचा कुठला भाग हलतो. मला खरं तर राग आला होता, म्हणलं फी देऊन वही लिहायची? पण लिहिली. आणि त्या वहीनंच सगळं काम केलं. पाढे म्हणताना पाय. वाचताना तोंड, म्हणजे कॉलर नाहीतर पेन्सिल. आणि नुसतं ऐकत असताना बोटं. रात्री आज्जी गोष्ट सांगते तेव्हा हा पडल्या पडल्या गोधडीचे दोरे ओढत असतो, पण मधेच गोष्ट थांबवून विचारलं की राक्षस कुठे गेला होता तर बरोबर उत्तर देतो, शब्द न् शब्द ऐकलेला असतो.

हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं मग मी काय वेगळं करते? प्रवचनाला बसले की वाती वळते. हातात कापूस नसला ना की मला पाच मिनिटांत पेंग येते." बघा, एवढी साधी गोष्ट. आमचे सासरे होते तेव्हा बातम्या ऐकताना पण त्यांच्या बोटात तुळशीची माळ फिरत असायची, आणि त्यांना कुणी कधी म्हणलं नाही की लक्ष नाही तुमचं. नंतर वाचनात आलं की २०१५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लोकांनी एडीएचडी असलेल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या घोट्याला हालचाल मोजायचं यंत्र बांधून त्यांना कॉम्प्युटरवर लक्ष देऊन करायची टेस्ट दिली, आणि ज्या वेळी उत्तरं बरोबर आली त्या वेळी मुलं जास्त हलत होती. वाचून माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

तर मग फिजेट टॉय, म्हणजे चुळबुळणाऱ्या हातांना गुंतवून ठेवणारं खेळणं. आधी अर्थातच विकतचं आणलं. २०१७ ला बोटांत धरून गरगर फिरवायच्या स्पिनरचं जे वेड आलं होतं तेव्हाचा भाच्याचा एक स्पिनर पडला होता तो दिला, आणि एक पॉप इट, म्हणजे बोटानं फुगवटे दाबायचं रबरी खेळणं, ऑनलाइन मागवलं. दोन्ही चार दिवसात बाद. स्पिनर फिरला की हा त्याच्याकडेच बघत बसतो आणि शेजारचे तिघेही बघत बसतात, पॉप इटचा टप टप आवाज येतो. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या स्पिनर हे डोळ्यांचं खेळणं आहे, तुम्हाला हातांचं हवंय, जे न बघता वापरता येईल. स्पिनरवर तिकडे लहान मुलांवर अभ्यासही झालाय आणि त्यात लक्ष उलट कमी झालेलंच दिसलंय. तेव्हापासून आमच्या घरात एकच टेस्ट, डोळे मिटून खेळता येतंय का आणि आवाज येतोय का. बस.

मग मी घरी करायला लागले. पहिला प्रयोग फुग्याचा, दाबायचा बॉल. नरसाळ्यातून पीठ घालायला गेले तर खाली उतरेचना, मग सोपी पद्धत सापडली, ती सांगते. कोरड्या पाण्याच्या बाटलीत अर्धी वाटी भरून घ्यायचं, फुगा थोडा फुगवून पिळ देऊन हवा धरून ठेवायची, त्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर चढवायचं, पिळ सोडून बाटली उलटी करायची, सगळं आपोआप फुग्यात जातं, मग हळूहळू हवा सोडायची आणि गाठ. दुसऱ्या फुग्याची मान कापून तो वरून चढवायचा म्हणजे डबल होतो. आत काय घालायचं यावर आम्ही पंधरा दिवस घालवले. मैदा मऊ लागतो पण महिन्याभरात त्याचा दगड झाला. तांदळाचं पीठ दाबलं की करकर करतं, ते त्याला फार आवडलं. नाचणी छान, बोटांखाली दाणा दाणा कळतो. सगळ्यात भारी राजगिरा, इतका बारीक आणि गोल की फुग्यात पाण्यासारखा सरकतो. पावसाळ्यात किडे होऊ नयेत म्हणून भाजून भरावा म्हणलं तर कढईत लाह्या झाल्या, तेव्हा नुसतं कडक ऊन दाखवून भरा.

पण हा बॉल फक्त घरी. शाळेत नेला त्याच्या तिसऱ्या दिवशी पेन्सिलीचं टोक लागलं आणि तांदळाचं पीठ बेंचवर, वह्यांवर, पुढच्या मुलीच्या केसात. पाचवी नोट आली. चूक माझी होती, मी टीचरशी न बोलता दिला होता. अजून एक, आमची धाकटी दोन वर्षांची आहे, फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर श्वास बंद होऊ शकतो, त्यामुळे बॉल वरच्या कपाटात, आणि फुटला की लगेच सगळे तुकडे गोळा. आणि ते पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी मिळतात ना, ते फुग्यात घालायचा सल्ला बरेच जण देतात, ते प्लीज घरातच आणू नका, लहान मुलानं गिळला तर आतड्यात जाऊन फुगतो.

खरा उपयोग झाला तो गोटीच्या पिशवीचा. कल्पना मॅडमची, हात सासूबाईंचे. दोन कापडाचे तुकडे, साधारण १० बाय १२ सेंटीमीटर, सुलट बाजू आत ठेवून तीन बाजूंनी टीप मारायची, उलटवून घ्यायचं, मग आतमध्ये भिंतींसारख्या टिपा मारायच्या म्हणजे वळणावळणाचा रस्ता तयार होतो, त्यात एक काचेची गोटी टाकायची आणि चौथी बाजू दुहेरी टीपेनं बंद. मूल कापडावरून बोटानं गोटी ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतं. वाचायला सोपं आहे पण आमच्या पहिल्या दोन वाया गेल्या. पहिलीत रस्ता दोन सेंटीमीटरचा ठेवला, गोटी साधी दीड सेंटीमीटरची म्हणून पुरेल वाटलं, पण कापड गोटीला वरून खालून गुंडाळतं त्यात रुंदी खाल्ली जाते, गोटी अडकूनच बसली. रस्ता पूर्ण तीन सेंटीमीटर हवा. दुसरी जुन्या जीन्सची केली, टिकाऊ म्हणून, तर कापड इतकं जाड की बोट दुखायला लागलं त्याचं. तिसरी सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती साडीची केली, धुवून धुवून मऊ झालेली, आतून मांजरपाटाचं अस्तर. ती जमली. त्या साडीचं गोधडीसाठी ठेवलेलं कापड होतं, आणि मला वाटतं त्याच्या बोटांना तो स्पर्श ओळखीचा होता, कारण पहिल्याच रात्री गोष्टीच्या वेळी गोधडीचे दोरे सोडून तो गोटी फिरवत होता, डोळे आज्जीकडे. मी दारात उभी राहून बघत होते. अंगठा सावकाश पुढे जायचा, वळणावर थांबायचा, मग पहिल्या बोटानं ढकलून परत. काही आवाज नाही.

यावेळी मात्र आधी टीचरना भेटले. त्या पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या, आणि त्यांचं पण चुकत नव्हतं, वर्गात पन्नासेक मुलं, एकाला दिलं की सगळ्यांना हवं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणलं दोन मिनिटं फिरवत बोला माझ्याशी. त्या फिरवत बोलल्या, आणि दोन आठवडे ट्रायल द्यायला तयार झाल्या. नियम तिघांनी बसून ठरवले, मुलगा पण होता. डोळे फळ्याकडे, पिशवी मांडीवर, फेकली किंवा दुसऱ्याला दिली तर त्या दिवसापुरती टीचरच्या ड्रॉवरमध्ये. पहिल्या आठवड्यात दोनदा ड्रॉवरमध्ये गेली. दुसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. टीचरनी स्वतःहून अजून एक केलं, वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममधून आणायचं काम त्याला दिलं, आणि मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या हे फार छान, वजन उचलण्या-ढकलण्याच्या कामानं अशी मुलं शांत होतात, त्याला त्या 'हेवी वर्क' म्हणतात. तेव्हापासून घरी पण पाण्याची कळशी आणि पिठाचा डबा उचलायचं काम त्याचंच.

पायांचं सोपं निघालं. अभ्यासाच्या खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली, बसल्या बसल्या पायानं ती ढकलत राहायची. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी फुकट दिली, आणि कशासाठी हे कळल्यावर दुसरी पण दिली. साबणानं धुवून घ्या, वास येतो. पाढ्यांना याचा जबरदस्त उपयोग झाला, १७ चा पाढा ट्यूबवरच पाठ झालाय.

तोंडाचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. अभ्यासाच्या आधी दहा पंधरा मिनिटं काहीतरी चावायला द्यायचं, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, फुटाणे, गाजर, शेंगदाण्याची चिक्की. कॉलर आता रोज ओली नसते, आठवड्यातून एखाद दोनदा असते. टेस्ट असली की हमखास.

आणि चमकीची बाटली केली होती, ग्लिसरीन, पाणी, चमकी, झाकण चिकटवून टाकलेलं. ती डोळ्यांची वस्तू आहे म्हणून अभ्यासाला उपयोग शून्य, पण चिडला की हलवून ठेवतो आणि सगळी चमकी खाली बसेपर्यंत बघतो. ग्लिसरीन जितकं जास्त तितकी चमकी सावकाश बसते, आम्ही निम्मं निम्मं घातलंय. बहिणीशी भांडण झालं की स्वतः जाऊन घेतो.

काय नाही जमलं तेही सांगते. लिहिताना यातलं काही चालत नाही, उजवा हात पेन्सिलीत, डावा वही धरायला, त्यामुळे पाच पाच ओळी लिहून उठायचं हाच उपाय. नटबोल्ट दिला होता फिरवायला, बोहरी आळीतून चांगला मोठा आणलेला, फरशीवर पडला की सगळी बिल्डिंग जागी. बेंचखाली वेल्क्रोची पट्टी चिकटवली, ती छान होती पण शाळेत जागा दर आठवड्याला बदलतात. आणि कुठलीही वस्तू तीन चार आठवड्यांनी शिळी होते, हात परत कॉलरकडे जातो, मग ती कपाटात ठेवून दुसरी काढायची, महिन्याभरानं पहिली परत नवीन वाटते.

निदान अजून झालेलं नाही, डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघतायत, मॅडमकडे आठवड्यातून एकदा जातोय. पुढे औषध लागलं तर तेही देऊ, खेळण्यानं सगळं होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण डायरीत गेले दीड महिने नोट नाहीये, आणि गेल्या पालकसभेत टीचर म्हणाल्या की हात वर करायला लागलाय.

ती जमलेली पिशवी आता कडेनं विरलीये. परवा तो स्वतः आज्जीच्या मशीनवर बसला, आज्जी चाक धरून, हा कापड सरकवतोय, यावेळी खणाचं कापड हवंय कारण त्याला काठ खरखरीत लागतो बोटाला. आणि दोन गोट्या घालायच्यात म्हणे. एकच घाल म्हणून सांगतेय, दोन घातल्या की एकमेकींवर आपटून वाजतात, आणि टीचरना आपण आवाज नाही येणार असं सांगितलंय.