कुओपिओची वंशावळ: आईकडची आणि बापाकडची

पूर्व फिनलंडमधील कुओपिओ शहरात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी चर्चच्या जुन्या नोंदवह्या चाळून आपली वंशावळ अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेली आहे. ती भिंतीवर लावलेली आहे. त्यात बापामागे बाप, आडनाव एकच आणि गावे जेमतेम तीन. ती पाहिल्यापासून मी फिन लोकांच्या आनुवंशिकतेबद्दल मिळेल ते वाचू लागलो.

मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील, डीएनए आईकडून मुलामुलींना मिळतो, पण पुढे फक्त मुलींमार्फत जातो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे उतरते. फिन लोकांचे मातृवंश पाहिले, तर एच आणि यू ५ हे युरोपात इतरत्रही आढळणारे गटच (एका समान पूर्वजापासून आलेल्या वंशरेषांचे गट) प्रामुख्याने दिसतात. पुरुषांचे चित्र वेगळे आहे. सुमारे ६० टक्के पुरुषांत एन हा गट आढळतो, आणि त्याची मुळे पूर्वेकडे, सायबेरियाच्या दिशेने जातात. वायव्य रशियातील कोला द्वीपकल्पाजवळील एका बेटावर सापडलेल्या सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही तो मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून फिन लोक सायबेरियाचे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल, कारण वाय गुणसूत्र ही असंख्य पूर्वजांपैकी एकाच ओळीची खूण असते, आणि संपूर्ण जनुकसंच पाहता त्यांचा बहुतांश वारसा युरोपीयच आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वैविध्याचे प्रमाण. आनुवंशिकीचे संशोधक आंती सायांतिला आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की फिन पुरुषांच्या वंशरेषा इतर युरोपीयांच्या तुलनेत जवळजवळ एकसारख्या आहेत, आणि मातृवंशांतही, डीएनएच्या सावकाश बदलणाऱ्या जागा तपासल्या, तर वैविध्य घटलेले दिसते. म्हणजे आजची ही प्रजा तुलनेने थोड्या स्त्रीपुरुषांपासून वाढली आहे. देशाच्या आतही फरक आहे: पश्चिमेला स्कँडिनेव्हियात विपुल असलेला आय १ हा गट अधिक, पूर्वेला एन अधिक. सोळाव्या शतकात स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याच्या प्रोत्साहनाने, कुओपिओ ज्यात येते त्या सावो प्रांतातील कुटुंबे निर्जन अरण्यात पसरली, झाडे जाळून राखेत राय हे धान्य पेरू लागली, आणि मोजक्या घरांची संतती विस्तीर्ण मुलखात वाढली. इतरत्र अत्यंत दुर्मीळ असलेले सुमारे ३६ आनुवंशिक आजार येथे अधिक आढळतात, त्यामागेही हेच कारण आहे.

आता आजोबा आईची ओळ लिहीत आहेत. सावोतील स्त्रिया पूर्वी लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावत असल्यामुळे त्या कागदावर प्रत्येक पिढीला आडनाव बदलते, आणि बहुतेक वेळा गावही.