पाहुणा उद्या चौकात भेटणार आहे

कम्युनिटी रेडिओच्या मुलाखतीत विचारणारा, उत्तर देणारा आणि ऐकणारा हे तिघेही एकाच पाइपलाइनचं पाणी पितात. स्टुडिओतून बाहेर पडलेला नगरसेवक दुसऱ्या दिवशी चौकात भेटतो, आणि त्याने ज्या गटाराबद्दल सांगितलं त्याच गटारावरून ऐकणारा घरी जातो. मोठ्या वाहिन्यांना ही सोय नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: प्रश्न इतका लहान करा की उत्तर खरं की खोटं हे ऐकणाऱ्याला घराबाहेर पडून पाहता यावं. 'विकासाबद्दल काय सांगाल?' म्हटलं की पाहुणा वीस मिनिटं बोलतो आणि त्यातलं एक वाक्यही तपासता येत नाही. 'शाळेमागच्या नाल्यावर स्लॅब कधी पडणार, आणि त्याची वर्क ऑर्डर निघाली आहे का?' म्हटलं की तो क्षणभर थांबतो. सगळी तयारी त्या थांबण्यासाठी करायची.

तयारी बरीचशी कागदांची असते. स्थानिक संस्थेच्या अर्थसंकल्पात साधारणपणे तीन रकाने सापडतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. नवखा मुलाखतकार तरतुदीचा आकडा उचलतो, कारण प्रसिद्धिपत्रकात तोच असतो. तुम्ही पहिला रकाना पाहा. एखाद्या कामाला दरवर्षी तरतूद होते आहे आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी शून्याच्या आसपास आहे, असं दिसलं की प्रश्न आयता हातात आला. त्याच्या जोडीला शेवटच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं वाचा. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, कोण गैरहजर होतं, हे तिथे नोंदलेलं असतं. बाहेर आंदोलनात पुढे असलेला सदस्य सभेत त्याच ठरावाचा अनुमोदक निघतो, तेव्हा मुलाखतीचा पहिला प्रश्न काय असावा हे वेगळं सांगायला नको. मग जागेवर जाऊन या. तारखेसह फोटो घ्या. 'काम ऐंशी टक्के झालं' या उत्तरावर 'काल दुपारी तिथे फक्त खडी पडलेली होती' एवढं वाक्य पुरतं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

पाहुण्याला विषय आधी कळवा, प्रश्न कळवू नका. विषय कळवला तर 'आकडे आत्ता हाताशी नाहीत' ही सबब उरत नाही. प्रश्न पाठवले तर उत्तरं लिहून येतात, आणि वाचलेलं उत्तर रेडिओवर लगेच कळतं: पट्टी बदलत नाही, श्वास नेमका पूर्णविरामाला घेतला जातो. 'हे छापू नका, हे लावू नका' याचे नियमही रेकॉर्डर सुरू होण्याआधी ठरवा. निवडून आलेल्या माणसाने रेकॉर्डिंगवर बोलून झाल्यानंतर 'तेवढं काढा' म्हटलं तर ते काढायचं बंधन नाही, असं माझं मत आहे. साध्या नागरिकाने तेच म्हटलं तर मात्र काढावं. त्याला माईकची सवय नाही, आणि बोलल्याचे परिणाम त्याला एकट्याला भोगायचे आहेत.

प्रश्नाला बगल देण्याच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. 'हा विषय वरच्या पातळीवर प्रलंबित आहे' ही पहिली. त्यावर विचारायचं: वर पत्र कोणत्या तारखेला गेलं, सही कोणाची होती, स्मरणपत्र पाठवलं का? 'लवकरच' ही दुसरी. लवकरच म्हणजे पावसाळ्याआधी की नंतर? तिसरी तऱ्हा गोड असते: 'फार चांगला प्रश्न विचारलात', आणि मग भलत्याच प्रश्नाचं उत्तर. तिथे आभार मानून तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा ठेवायचा. शब्द बदलले की पाहुण्याला नवी पळवाट मिळते. १९९७ साली बीबीसीच्या 'न्यूजनाइट' या कार्यक्रमात मुलाखतकार जेरेमी पॅक्समनने ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न जवळजवळ डझनभर वेळा विचारला होता. त्या मुलाखतीची नक्कल आपल्याकडे करू नये. लहान वस्तीत चौथ्या वेळेनंतर ऐकणाऱ्याची सहानुभूती पाहुण्याकडे वळते. दोनदा विचारा. तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्यांना शांतपणे सांगा: 'तारीख विचारली होती, तारीख मिळाली नाही,' आणि पुढे चला.

सगळ्यात जास्त मुलाखती जोडप्रश्नांनी वाया जातात. 'रस्ता कधी होणार, उशीर का झाला आणि जबाबदार कोण?' यातला सगळ्यात सोपा भाग पाहुणा उचलतो, बाकीचे दोन हवेत विरतात. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि प्रश्न संपला की तोंड मिटा. उत्तर संपल्यावरही मनात तीनपर्यंत मोजा. शांततेची भीती मुलाखतकाराला असते तशी पाहुण्यालाही असते, आणि ती भरून काढताना तो ठरवून आलेल्या वाक्यांच्या पलीकडे जातो. त्या वेळात तुमच्याकडून 'हो, हो', 'बरोबर' असं काही जाऊ देऊ नका. समोरासमोर तो शिष्टाचार असतो, पण रेडिओवर ती संमती वाटते. शिवाय पाहुण्याच्या शब्दावर तुमचा 'हं' पडला की तिथे कट मारता येत नाही. मान हलवा.

गैरहजर माणसावर आरोप झाला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. रेकॉर्डेड कार्यक्रम असेल तर प्रसारणाआधी त्या माणसाला गाठायचं, कधी आणि कसा संपर्क केला ते वहीत लिहायचं, आणि त्याचं उत्तर मुलाखतीतच, आरोपाला लागूनच लावायचं. आठवड्याने दिलेला खुलासा वेगळेच लोक ऐकतात. थेट प्रक्षेपणात 'ते इथे नाहीत, त्यांची बाजू आम्ही घेऊ, आपण कागदावर काय आहे त्यावर बोलू' हे वाक्य तोंडपाठ असावं. काही सेकंदांचा डिले (बोलणं थोडं उशिरा प्रसारित होणं) लावण्याची सोय असेल तर थेट कार्यक्रमात तो लावाच, आणि नको ते वाक्य गाळायचं बटण दाबायचा अधिकार मुलाखतकाराकडे न देता पलीकडच्या खोलीतल्या माणसाकडे द्या. बोलण्यात गुंतलेल्या माणसाला बटण वेळेवर आठवत नाही.

निवडणुकीत समान वेळ म्हणजे नुसती समान मिनिटं नव्हेत. सगळ्या उमेदवारांना पहिला प्रश्न एकच, प्रसारणाची वेळ एकच, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, आणि शक्यतो सगळी रेकॉर्डिंगं एकाच दिवशी. नाहीतर शेवटचा उमेदवार पहिल्याला ऐकून तयार होऊन येतो. जो येत नाही त्याच्याबद्दल 'निमंत्रण दिलं होतं, ते आले नाहीत' एवढंच सांगावं, त्याच्यावर भाष्य करू नये. मुलाखतकाराचं पाहुण्याशी नातं असेल, किंवा त्याच्याकडून केंद्राला देणगी वा जाहिरात मिळत असेल, तर ते सुरुवातीलाच माईकवर सांगून टाकावं. वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत असतंच. लपवलं तर उरलेल्यांना ते आपल्याआधी दुसरा कोणीतरी सांगतो.

सार्वजनिक प्रश्नांवरच्या मुलाखतींत क्रम महत्त्वाचा. आधी ज्याला झळ बसली त्याचं रेकॉर्डिंग, मग अधिकाऱ्याचं, आणि अधिकाऱ्याला ते आधीचं बोलणं हेडफोनवर ऐकवूनच प्रश्न विचारायचा. उलट क्रमाने केलं तर अधिकारी धोरणावर बोलतो, माणसावर बोलत नाही. तक्रारदाराला नाव लपवायचं असेल तर आवाज घोगरा करून भागत नाही. पट्टी बदललेला आवाज बऱ्याचदा उलट फिरवून मूळच्या जवळ आणता येतो. आणि लहान वस्तीत आवाजापेक्षा तपशील माणसाला उघडं पाडतात: 'माझ्या दोन मुली', 'दवाखान्यासमोरचं घर', एखादा लकबीचा शब्द. असे तपशील काढा, बाकीचा मजकूर दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात वाचून घ्या, आणि तो वाचून घेतला आहे हे ऐकणाऱ्यांना सांगा. लावण्याआधी ज्याचा मजकूर आहे त्याला तो ऐकवा.

आता यंत्रांचं. साध्या खोलीत डायनॅमिक (कमी संवेदनशील), कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माईक घ्या. जास्त संवेदनशील असलेला कंडेन्सर माईक समोरच्या भिंतीचा आवाजही आत घेतो. तोंड माईकपासून १० ते १५ सेंटिमीटर, आणि माईक ओठांच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला. त्यामुळे 'प', 'फ', 'भ' यांचा फटका थेट बसत नाही. दोन माईक असतील तर त्यांच्यातलं अंतर तोंड ते माईक अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे १५ ला ४५ सेंटिमीटर. त्याहून जवळ ठेवले तर एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे थोड्या फरकाने पोचतो आणि पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा पोकळ येतो. रेकॉर्डिंग वेव्ह (WAV, न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. अशा एका तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान खेळू द्या (शून्य म्हणजे कमाल), हसताना किंवा चिडतानाही उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. कमी लेव्हल नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज परत सांधत नाही. लेव्हल घेताना पाहुण्याला आकडे मोजायला लावू नका. स्वतःचं नाव, काम आणि गाव सांगायला लावा. माणूस स्वतःबद्दल बोलतो त्याच आवाजात पुढे बोलतो, आणि आडनावाचा बरोबर उच्चारही रेकॉर्ड होऊन राहतो. टेबलावर जाड कापड टाका, किल्ल्यांचा जुडगा आणि टकटक करणारं पेन पाहुण्याच्या हातातून काढून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका. उठण्याआधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. एडिटमधली भोकं त्यानेच बुजतात.

फोनवरच्या मुलाखतीत आकड्यांचा घोटाळा हमखास होतो. साध्या टेलिफोनची वाट ३०० ते ३४०० हर्ट्झची, आणि 'स', 'श', 'फ' यांची धार बरीचशी त्याच्या वर असते. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' तिथे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव मुलाखतकाराने स्टुडिओच्या माईकवर पुन्हा उच्चारायचं आणि पाहुण्याकडून 'हो' घ्यायचं. त्याहून चांगला उपाय म्हणजे पाहुण्याने बोलताना स्वतःच्या दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ती फाइल नंतर पाठवणं. दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशी एक टाळी सुरुवातीला आणि एक शेवटी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाभरात फाइली मागेपुढे सरकतात, आणि शेवटची टाळी नसेल तर किती सरकल्या ते कळत नाही.

कलावंतांच्या मुलाखतीला वेगळा हात लागतो. 'प्रेरणा कुठून मिळाली?' हा प्रश्न मी कायमचा बाद करीन. त्याऐवजी हातांबद्दल विचारा. तबलजी असेल तर तबला समोर हवा: शाई (तबल्यावरचा काळा गोल लेप) घासली गेली की बोल कसा बदलतो ते वाजवून दाखवायला सांगा. चित्रकार असेल तर चित्राचं माप, कागदाचा पोत आणि पहिला रंग कुठे लागला हे विचारा, कारण ऐकणाऱ्याला चित्र दिसत नाही आणि मापाशिवाय ते त्याच्या मनात उभं राहत नाही. कवीला कविता दोनदा वाचू द्या, गप्पांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दुसऱ्या वेळी ऐकणारा वेगळं ऐकतो. वाद्याला वेगळा माईक साधारण ३० ते ६० सेंटिमीटरवर लावा आणि लेव्हल सगळ्यात जोरकस तुकड्यावर घ्या. गाणारा बोलताना नरम आणि तारसप्तकात चौपट असतो. एकाच फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) दोन्ही निभावत नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत बोलू नका. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर स्टड्स टर्कल १९५२ पासून जवळजवळ ४५ वर्षं लेखक-कलावंतांशी बोलत राहिले. पाहुण्याचं काम आधी नीट पाहून-वाचून येण्यासाठी ते ओळखले जात. नाटकाचा प्रयोग न पाहता दिग्दर्शकाशी बोलायला बसणं म्हणूनच मला अनादर वाटतो.

एडिटमध्ये आधी स्वतःचे लांबलेले प्रश्न कापा. बरीच मिनिटं तिथेच सुटतात. उत्तर एका प्रश्नाखालून उचलून दुसऱ्याखाली कधीच लावू नका, अर्थ तोच राहत असला तरी. कट श्वासाच्या आधी घ्या, मध्ये नको; अर्धा श्वास कानाला खटकतो. चित्रकाराचं अडखळणं काढलं तर कोणाचं बिघडत नाही. पण 'टेंडर कोणाला मिळालं?' या प्रश्नानंतरचे चार सेकंद राजकीय मुलाखतीत तसेच राहू द्या, ते उत्तराचाच भाग आहेत. दोघांचे आवाज आधी एकमेकांशी जुळवा, मग पूर्ण फाइलची पातळी ठरवा. युरोपातलं आर १२८ हे मानक प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) सांगतं. इंटरनेटवर साधारण उणे १६ ठेवतात. रेडिओसाठी दर सात-आठ मिनिटांनी पाहुण्याची ओळख पुन्हा सांगावी लागते, पॉडकास्टच्या फाइलमधून ती काढून टाका.

मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे यादी आपोआप लागते. सोबत एक वही ठेवा: पाहुण्याने काय कबूल केलं, कितव्या मिनिटाला, कोणत्या मुदतीचं. मुदत संपल्यावर त्याच पाहुण्याला पुन्हा बोलवा. सुरुवातीला त्याची जुनी क्लिप तारखेसह लावा, वीस-पंचवीस सेकंदांची, एकही शब्द मागेपुढे न कापलेली. मग एकच प्रश्न: यातलं काय झालं? क्लिप लावणार आहात हे त्याला आधी सांगा. तरीही तो आला, तर दोन मिनिटांच्या गप्पा बाजूला ठेवून थेट नाल्याकडे वळा.