माझ्या जॅकेटला फोडणीचा वास

"हे गाडीतच राहू दे," आजोबा म्हणाले. पहाटेचे साडेचार, बाहेर उणे तीन, आणि माझं एकुलतं एक जाड जॅकेट ते नाकाशी धरून हुंगत होते. अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपड्यांचं कपाट स्वयंपाकघराला लागून आहे. तीन वर्षांची हिंग-मोहरीची फोडणी त्या जॅकेटात मुरली आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याऐवजी गोठ्यात टांगलेला त्यांचा जुना लोकरी कोट मिळाला. त्याला शेण आणि वाळलेल्या गवताचा वास. तो म्हणे चालतो.

आजोबा म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील, वय ६८. बॅराबूजवळच्या टेकड्यांत त्यांची शेती आहे आणि चाळीसेक वर्षं ते धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. याच सॉक काउंटीत आणि शेजारच्या कोलंबियात १९३४ साली विस्कॉन्सिनने धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा पहिला वेगळा हंगाम ठेवला होता. मी वाढले १९७२च्या कायद्याने शिकार बंद झालेल्या देशात. मला धनुष्य हातात धरायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं.

तर कोट चढवून, अंधारात धडपडत रानाच्या कडेला पोचलो. आजोबांनी खिशातल्या डबीतून चिमूटभर पांढरं काहीतरी काढून सोडलं. म्हातारी! लहानपणी जिच्यामागे धावायचो तीच. ही इथल्या मिल्कवीड नावाच्या झाडाची, तेही आपल्या रुईच्याच कुळातलं. ती तरंगत घळीकडे गेली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि माघारी वळले. "हरणं दिवसा तिथेच निजतात. आपला वास थेट त्यांच्या उशाशी चाललाय. आज नाही."

आज नाही? मी साडेतीनला उठले होते! मचाण शंभर पावलांवर दिसत होती. मी चिडले, आणि तोंडावर ते दिसलं असणार, कारण कॉफी ओतताना ते आपणहून बोलू लागले. पंचविशीत तेही रोज जाऊन बसायचे. सप्टेंबरात हंगाम उघडला की पहिल्याच दिवशी सगळ्यात चांगल्या जागेवर. वारा कुठलाही असो. शिंगांवर शिंगं आपटून नराला बोलवायचं, बाटलीतला वास शिंपडायचा. आठवड्याभरात हरणं त्या झाडाला वळसा घालायला शिकायची आणि हे म्हणायचे, रानात हरणंच उरली नाहीत.

आता प्रत्येक वाऱ्याला त्यांचं वेगळं झाड आहे. चांगली जागा नोव्हेंबरपर्यंत शिवायचीही नाही. तेव्हा नर माद्यांच्या मागे भर दुपारीही हिंडतात. जाताना ओढ्याच्या पात्रातून जायचं, पाऊलवाट ओलांडायची नाही. सकाळी ऊन चढतं तशी हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते, म्हणून सकाळ-संध्याकाळची मचाणही निराळी.

शनिवारचा उरलेला दिवस मी झोपून काढला.

रविवारी म्हातारी शेताकडे उडाली. दोघांच्या मचाणीवर पंधरा फुटांवर, पट्ट्याने झाडाला बांधलेली, मी पाच तास बसले. पायाची बोटं पहिल्या तासातच गेली. निसर्गाच्या सान्निध्यात वेळ कसा जातो कळत नाही म्हणतात. मला मिनिट न् मिनिट कळत होतं.

साडेदहाला एक मादी आली, आणि तिच्यामागून नर. आठ टोकांची शिंगं, फुगलेली मान, तोंडातून वाफ. पस्तीस यार्डांवर तो आडवा उभा राहिला. मी श्वास रोखला. आजोबांचं धनुष्य खुंटीवर होतं, ते खुंटीवरच राहिलं. मादी आमच्या पाठीमागे, आमचा वास जिकडे वाहत होता तिकडे गेली, थबकली. पुढचा खूर जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा. मग नाकातून फुर्रकन मोठा आवाज, पांढऱ्या शेपट्या वर, आणि रान रिकामं.

"का नाही मारला?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिशीत असताना त्यांनी चाळीस यार्डांवरून बाण सोडला होता. दोरीचा आवाज हरणाला ऐकू येतो. बाण पोचेपर्यंत ते खाली दबलेलं असतं. बाण पोटात लागला. रात्रभर कंदील घेऊन आणि दुसरा अख्खा दिवस शोधूनही ते सापडलं नाही. तेव्हापासून वीस यार्डांपुढे बाण सोडायचा नाही. हल्ली खांदा दुखतो, मुलगी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा ओढून बाण सोडायचं धनुष्य, घ्या म्हणते; २०१४पासून इथे ती सगळ्यांना चालते. त्यावर ते नुसतं हं म्हणतात.

मला ते पटलं, पण राग गेला नाही. पाच तास हो!

मग ते वाकून माझ्या पिशवीजवळ हुंगले. "यात काय आहे?"

लसणाची चटणी आणि पोळी. मचाणीवरच अर्धी अर्धी खाल्ली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी चटणी पुन्हा मागितली. निघताना मी जॅकेट घ्यायला गाडीकडे वळले, तर म्हणाले, "ते ठेवून जा. गोठ्यात टांगतो. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कदाचित चालेल."