गोडोतला गेम स्विच टूवर जाईल का?
परभणीचा आमचा चुलतभाऊ गोडोमधी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शंकरपटाचा गेम बनवायलाय, लॅपटॉपवर झकास पळतो, आता म्हणायलाय दादा स्विच टूवर (निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल) टाकू. म्हणलं थांब बाबा. गोडो फुकट, कोड सगळा उघडा, पण निन्टेन्डो-सोनीचं एसडीके (त्यांच्या कन्सोलसाठी गेम बनवायची साधनं) एनडीएवर (गुपित ठेवायच्या करारावर) सही केल्याबिगर मिळत नाही अन ते उघड्या कोडात टाकताच येत नाही, म्हणून कन्सोलचं एक्स्पोर्टच त्यात नाही, डब्ल्यूफोर गेम्ससारख्या कंपन्यांकडून पोर्ट करून (कन्सोलवर चालंल असं बदलून) घ्यावं लागतं. युनिटी या दुसऱ्या तसल्याच सॉफ्टवेअरात कन्सोलचा सपोर्ट तयार असतो, पण २०२३ ला त्यांनी इन्स्टॉलमागं फी काढली (२०२४ ला मागं घेतली म्हणा), तेव्हापासून माझा भरवसा उडालाय. तिसरं अनरियल, ते १० लाख डॉलर कमाईपर्यंत रॉयल्टी (कमाईतला वाटा) मागत नाही, तिथवर पोचलो तर ५ टक्के हसत देऊ की राव!