गौरी जिना चढली
जानेवारीअखेर स्पेनमध्ये सशांच्या शिकारीचा हंगाम संपतो आणि कामातून गेलेले गाल्गो, म्हणजे इथले सडपातळ शिकारी कुत्रे, रस्त्यावर येतात. आमची गौरी सेव्हिलजवळ हमरस्त्याकडेला सापडली. मानेवर जखम, कातडीखालची ओळखीची चिप कापून काढलेली. लीशमानिया या आजाराची तपासणी झाली आणि ती माद्रिदला आमच्या घरी आली. जिना तिनं कधी पाहिलाच नसावा. तीन दिवस उचलून नेलं, मग पायरीपायरीवर उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले. अंगावर चरबी नाही, म्हणून आईनं लातूरहून विणून पाठवलेला स्वेटर घालते. (आई म्हणते, अगदी आपल्या कारवानी कुत्र्यांसारखी दिसते गं!) २०२३च्या प्राणीकल्याण कायद्यातून शिकारी कुत्री वगळली, याचा मला अजून संताप येतो. काल रात्री गौरी आपणहून वर आली, माझ्या पायाशी झोपली.