ठिपके नाही, रेघा

मी मेलबर्नला चाइल्डकेअरमध्ये आहे, माझ्या रूममध्ये चार वर्षांची मुलं. मे संपताना रिकन्सिलिएशन वीक येतो, म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि बाकीचे यांच्यातलं नातं सुधारण्यासाठीचा आठवडा, तेव्हा ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांचं, क्राफ्ट घ्यायचं म्हणून मी दरवर्षीसारखे कापसाचे इअरबड्स, रंग आणि बूमरँगच्या आकाराचे पुठ्ठे मांडून ठेवले, मुलं ठिपके काढणार.

यावेळी वुरुंजेरी, म्हणजे मेलबर्न परिसरातल्या मूळ समाजातल्या, एक आजी आल्या होत्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला आदराने आंटी म्हणतात, आपल्या मावशीसारखं. टेबल बघून त्या हळूच म्हणाल्या, ठिपके आमचे नाहीत गं, ते मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातल्या लोकांचे, १९७१ ला तिथल्या पापुन्या गावात ते बोर्डावर रंगवायला लागले आणि तिथून जगभर गेले, आमच्याकडे रेघा. मला फार लागलं ते. वारली चित्रं दाखवून कुणी ही केरळची कला असं शिकवावं, तसं मी सहा वर्षं करत होते.

मग त्यांनी ब्राऊन पेपर मागितला. प्रत्येकाला एक चौकोन, तो चुरगाळायचा, उलगडायचा, परत चुरगाळायचा, असं दहा-बारा वेळा केलं की कागद कातड्यासारखा मऊ पडतो. हा कागद म्हणजे त्यांच्या कातडीच्या झग्याची नक्कल. त्यांच्याकडे बाळ जन्मलं की पॉसमची, म्हणजे झाडावर राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याची, थोडी कातडी जोडून झगा करायचे आणि त्यात गुंडाळायचे, मूल वाढेल तशी आणखी जोडत जायची, आतल्या बाजूला शिंपल्याने आपल्या मुलखाच्या खुणा कोरायच्या, त्यात गेरू भरायचा, आणि माणूस गेला की त्यातच पुरायचे. असे जुने झगे आता मोजकेच उरलेत, मेलबर्न म्युझियममध्ये दोन आहेत, १८५३ आणि १८७२ चे. ते बघून इथल्या बायका परत शिवायला शिकल्या, पण इथे पॉसम मारायला बंदी म्हणून कातडी न्यूझीलंडहून आणतात.

आंटींनी दगडावर गेरू पाण्यात उगाळला, सहाणेवर चंदन उगाळतात ना तस्साच, आणि मुलं काडीने रेघा ओढायला लागली. एरवी तोंडही न उघडणाऱ्या एका मुलाने कागदभर एकच वाकडी रेघ काढली आणि म्हणाला, ही आजीकडे जाणारी ट्रेन. मी आंटींना माझ्या आजीच्या गोधडीचं सांगितलं, तिच्यात आजोबांचं धोतर होतं आणि माझा फ्रॉकसुद्धा.

मग पंच करून लोकरीने सगळे चौकोन जोडले. मी शेवटची कड दुमडून शिवायला घेतली तर आंटींनी माझा हात धरला, ती उघडी ठेव म्हणाल्या, अजून मुलं येतील ना. सोमवारी रूममध्ये एक नवीन मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिच्या हातात ब्राऊन पेपर दिला आणि म्हटलं, चुरगाळ.