स्मार्ट घड्याळ ‘ताण ७२’ दाखवतं, ते खरं धरायचं का?

हा प्रश्न वारंवार येतो, आणि तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: ७२ सोडून द्या. तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्रानं काढते आणि सूत्र सहसा सांगत नाही. त्याच्या मागे जे मोजलं जातं ते मात्र खरं असतं. फक्त तो ताण नव्हे. शरीर किती चेतलंय तेवढं यंत्राला कळतं, कशानं चेतलंय ते नाही. जिना चढा, निकालाची वाट पाहा किंवा आनंदाची बातमी ऐका, ठोके तिन्ही वेळा वाढतात.

सगळ्यांत प्रामाणिक खूण म्हणजे तळहाताचा घाम. तिथल्या घामग्रंथींना फक्त सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला चेतवणाऱ्या मज्जातंतूंचा हुकूम पोचतो, त्यामुळे शांत करणाऱ्या बाजूची सरमिसळ नाही. कमी वापरातल्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाला सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड लावतात, त्यांच्यात ०.५ व्होल्टचा स्थिर दाब देतात आणि वाहकता, म्हणजे त्वचेतून वीज किती सहज वाहते ते, मायक्रोसीमेन्स या एककात वाचतात. बहुतेक चुका इथेच होतात. हात साबणानं किंवा स्पिरिटनं पुसले की त्वचेचं वागणंच बदलतं. साधं पाणी पुरे. ईसीजीचं जेल वापरलं तर त्यातलं जास्तीचं मीठ वाहकता फुगवतं. आणि जेल मुरायला ५ ते १० मिनिटं दिली नाहीत, तर सुरुवातीचा चढता आलेख भीतीचा वाटतो, असतो जेलचा. सगळं नीट लागलंय का हे पाहायचं असेल तर एक खोल श्वास घ्यायला सांगा: १ ते ३ सेकंदांत उसळी दिसली पाहिजे. काहींच्या त्वचेत ती उठतच नाही. तो यंत्राचा दोष नव्हे. मनगटावर मात्र तळहाताइतक्या घामग्रंथी नसतात आणि तिथला घाम बराचसा उकाड्याचा असतो, हे घड्याळवाल्यांनी लक्षात ठेवावं.

घड्याळाचा खरा आधार म्हणजे ठोक्यांमधली अंतरं. लागोपाठच्या अंतरांमधले फरक घ्यायचे, त्यांचे वर्ग करायचे, सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचं: हा आरएमएसएसडी, मिलिसेकंदांत. तो खाली आला की हृदयाला संथ ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल झालाय असं ढोबळमानानं समजतात. पण मधेच एक ठोका लवकर पडला, की आधीचं अंतर आखूड आणि नंतरचं लांब होतं, वर्ग केल्यावर तोच फरक सगळा हिशेब गिळतो आणि आकडा खोटाच ‘छान’ येतो. म्हणून कच्ची अंतरं डोळ्यांखालून घालावीतच. श्वासाचंही तसंच. मिनिटाला ९ पेक्षा कमी श्वास घेतलेत तर श्वासाची लय ०.१५ हर्ट्‌झच्या खाली, ‘कमी वारंवारतेच्या’ पट्ट्यात जाते, आणि तो पट्टा ताणाचा धरला तर शांत बसलेला माणूस कागदावर ताणलेला दिसतो. कमी आणि जास्त वारंवारतेच्या पट्ट्यांचं गुणोत्तर ताणाचं माप म्हणून आम्ही तरी वापरत नाही.

तिसरी खूण म्हणजे लाळेतलं कॉर्टिसॉल, ताणात वाढणारं संप्रेरक; ते सावकाश चालतं. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर येतं, आणि सकाळी उठल्यावर पहिल्या पाऊण तासात ते आपसूकच चढतं. वेळ न लिहिलेला नमुना फेकून द्यावा.

घरी काही करायचंच असेल तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. रोज उठल्यावर, कॅफीन घेण्याआधी, एकाच स्थितीत ५ मिनिटं आरएमएसएसडी मोजा आणि शेजारी झोप, आजार, व्यायाम, औषधं लिहा. दोन-तीन आठवड्यांनी तुमचा आकडा सहसा कुठून कुठपर्यंत असतो ते दिसू लागेल. तुलना त्याच्याशीच, शेजाऱ्याच्या आकड्याशी नको, कारण वयानुसारच त्यात मोठा फरक पडतो. एखादा दिवस आकडा खाली गेला तर घाबरू नका. चार-पाच दिवस सलग खाली राहिला, तर आधी ताप आणि झोप तपासा, ताण त्यानंतर.

चिंताविकाराचं निदान यातल्या कशानंही होत नाही. ते डॉक्टर समोर बसून, प्रश्न विचारून करतात. आकडा अगदी उत्तम असूनही रात्र-रात्र झोप लागत नसेल, तर दाखवायला जा; घड्याळ घरी राहिलं तरी चालेल.